दूध पुरतं की नाही, ते दोरीला विचारा

जळगाव जिल्ह्यात मी अंगावर पाजणाऱ्या आयांना सल्ला देते. चोपडा, यावल, अमळनेर, कुठलीही बाळंतीण माझ्यासमोर बसली की पहिलं वाक्य ठरलेलं: "दूध पुरत नाही." बहुतेकदा ते तिच्याऐवजी सोबत आलेलं माणूस बोलतं. म्हणून मी आधी बाळाकडे नाही, बोलणाऱ्याकडे बघते.

वैशाली (नाव बदललंय) पहिल्या बाळंतपणाला यावलजवळ माहेरी आलेली. मे महिना, पारा ४४ वर, मुलगी अठरा दिवसांची. बोलत होती तिची आई, मी त्यांना मावशी म्हणते. "पोरनं दूध पुरत नही, बाई. सांजले नुसती रडस." पिशवीत पावडरचा डबा, अजून सील न फोडलेला. उन्हाळा म्हणून परवापासून बाळाला दुपारी दोन चमचे पाणीही सुरू झालं होतं. वैशाली पदराखाली बाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेली.

पहिल्या दोन भेटींत मी नेहमीचीच चूक केली, माहिती दिली. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. भारतातल्याच उष्ण-कोरड्या भागात बाळांची लघवी तपासून केलेला, १९९० साली छापून आलेला अभ्यास सांगतो की नुसत्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही. मावशींनी मान डोलावली आणि घरी जाऊन पाणी पाजलं. बरोबरच होतं त्यांचं. त्यांची भीती पाण्याची नव्हतीच.

ती कळली तिसऱ्या भेटीत. रोज रात्री आठला सासरहून जावयाचा व्हिडिओ कॉल यायचा. बाळाचा चेहरा बघून पहिला प्रश्न, "बारीक दिसते, दूध पुरतं ना?" पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळ बारीक झालं तर बोल माहेरावर. मावशी रोज आठ वाजता परीक्षेला बसत होत्या, आणि वैशाली तेव्हाच बाळाला पाजायला घेत होती.

मी विषय बदलला. "मावशी, बाळाचे लंगोट कोण धुतं?"

"मीच. दुसरं कोन धुई?"

"दिवसाला किती?"

"मोजस कोन? दोरी पुरत नही, बाई. शेजारनी तारवर वाळत टाकस मी."

"हे पाणी सुरू केल्यापासून का?"

"नही, पयलापासून."

मी काही बोलले नाही. मावशीच थांबल्या. "दोरी पुरत नही," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी लेकीकडे बघून. वैशाली भिंतीकडून वळली. पोटात गेलं नाही तर दोरीवर येईल कुठून, हे मला सांगावं लागलं नाही. या एका प्रश्नाला मी माझ्या कामातली कमाई मानते. ज्याच्या हातात पुरावा आहे, त्यालाच साक्षीला बोलवावं.

मग आशाताईंची नोंद काढली. जन्मताना २ किलो ८००, तिसऱ्या दिवशी २ किलो ६५०, चौदाव्या दिवशी २ किलो ९५०. सुरुवातीचे काही दिवस वजन थोडं उतरतंच. दोन आठवड्यांत ते भरून पुढे गेलं की झालं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले, लघवी फिकट, बाळ तरतरीत, एवढं बघा. संध्याकाळी बाळ किरकिरतं, सारखं अंगावर मागतं. ती उपासमार नव्हे.

राहिला वैशालीचा प्रश्न, "मग फोनच्या वेळी दूध येतच कसं नाही?" उत्तर मावशींनी दिलं. "नवा माणूस गोठामा वना की गाय बी पान्हा चोरस." मी एवढंच जोडलं, दूध तयार होणं वेगळं, पान्हा सुटणं वेगळं. ताण आला, दुखलं की पान्हा अडतो. आत दूध असतंच. तिची बोंडंही चिरलेली होती. बाळाने नुसतं बोंड न धरता भोवतीचा काळा भाग तोंडभर घ्यावा, हे बसून दाखवलं आणि दुखणं दोन दिवसांत उतरलं.

अळीव, डिंकाचे लाडू, शेपू जरूर खा, बाळंतिणीला ताकद हवीच. पण दूध वाढतं ते बाळाने ओढल्याने, दिवसरात्रीत आठ-बारा वेळा. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सतरा हजारांवर आया-बाळांवर मोठा प्रयोग झाला. जिथे दवाखान्यातल्या लोकांना आईला आधार द्यायला नीट शिकवलं, तिथे तीन महिन्यांच्या ४३.३ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. बाकी ठिकाणी ६.४ टक्के. फरक आधाराचा होता. आपल्याकडे दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरही आशाताईंच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. त्या बाळाचं वजन करायला येतात, तेव्हा आईलाही बोलतं करा.

दूध खरंच कमी पडतं अशाही आया असतात, थायरॉईडमुळे किंवा वार (प्लासेंटा) आत राहिल्यामुळे. लंगोट कोरडे, बाळ सुस्त, वजन अडलेलं असेल तर माझ्याकडे नको, थेट डॉक्टरांकडे. आईचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, तरीही.

जावयाला मी एकच सांगितलं, प्रश्न बदला. आता तो विचारतो, "आज दोरी भरली का?" सव्वा महिन्याला वैशाली येऊन गेली, पाणी बंद होतं. डबा मात्र दुकानदाराने परत घेतला नाही. मावशी त्यावर अजून चिडून आहेत.