जुन्या कोडबेसमधे एक बदल केला की दुसरीकडे तुटतं, साफसफाई कुठून सुरू करू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सात-आठ वर्षं जुन्या कोडबेसवर नव्याने आलात, एका ठिकाणी हात लावला की भलतीकडेच काहीतरी मोडतं, सोनारक्यूब (कोडमधल्या त्रुटी शोधणारं टूल) चालवलं तर हजारो इश्यू निघाले, टीममधे काहीजण सगळं नव्याने लिहू म्हणतायत आणि मॅनेजर म्हणतो वेळ नाही. अशाच कोडवर माझी बरीच वर्षं गेलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक, सोनारची ती यादी वरून खाली सोडवत बसू नका. टूलला कोड कसा दिसतो तेवढंच कळतं, त्याला कोण किती वेळा हात लावतं ते कळत नाही. हजार ओळींचं एखादं फंक्शन पाच वर्षांत कुणी उघडलं नसेल आणि बिनबोभाट चालत असेल तर ते राहू दे तसंच. वॉर्ड कनिंगहॅम ह्या प्रोग्रॅमरने १९९२ मधे हे सगळं कर्जाच्या भाषेत मांडलं, टेक्निकल डेट हा शब्द तिथूनच आला, आणि त्यातलं व्याज तुम्ही भरता ते त्या कोडमधे काम करताना. जिथे रोज काम चालतं तिथे रोज व्याज, म्हणून शोधही तिथूनच.

ते शोधायला गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) पुरेसं आहे. गिट लॉगला नेम-ओन्ली ऑप्शन द्या, मुदत मागच्या एक वर्षाची ठेवा, फॉरमॅट रिकामा ठेवा, आणि आउटपुट सॉर्ट करून कुठली फाइल किती वेळा आली ते मोजा. लॉक फाइल्स आणि आपोआप जनरेट होणाऱ्या फाइल्स काढून टाका. मग वरच्या पंधरा-वीस फाइल्स बघा आणि त्यातल्या गुंतागुंतीच्या कुठल्या ते बघा, त्यासाठी थॉमस मकेबचं सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचं माप (फंक्शनमधून जायच्या वेगवेगळ्या वाटा किती ते) आहेच, १९७६ चं आहे, त्याने एका फंक्शनला १० ची मर्यादा सुचवली होती, पण खरं तर कोड उजवीकडे किती आत आत सरकलाय ते नुसतं डोळ्यांनी बघितलं तरी अंदाज येतो. वारंवार बदलणाऱ्या आणि गुंतागुंतीच्या, अशा दोन्ही यादीत येणाऱ्या फाइल्स सहसा मोजक्याच निघतात, त्यांनाच हॉटस्पॉट म्हणतात.

आता तुमचा मुख्य त्रास, इकडे हात लावला की तिकडे तुटणं. ह्यासाठी एकाच कमिटमधे (गिटमधे एकत्र नोंदवलेल्या बदलात) कुठल्या फाइल्स सारख्या जोडीने बदलतात ते बघा, विशेषतः ज्या एकमेकींना इम्पोर्टसुद्धा करत नाहीत अशा. उदाहरण देतो. ऑर्डरचे स्टेटस समजा बॅकएंडच्या एका इनममधे (ठरावीक पर्यायांच्या यादीत) आहेत, तेच स्टेटस रिपोर्टच्या एसक्यूएल क्वेरीत हाताने लिहिलेत, आणि ईमेल पाठवणाऱ्या कोडमधे परत एक इफ-एल्सची साखळी आहे. कुणीतरी 'अंशतः परत' असं नवीन स्टेटस इनममधे टाकतो, टेस्ट पास होतात, आणि महिनाअखेरीला रिपोर्टची बेरीज जुळत नाही. नुसता कोड वाचणारं टूल हे दाखवणार नाही कारण तिन्ही फाइल्स आपापल्या जागी ठीकठाकच आहेत, पण गिटच्या इतिहासात त्या कायम एकत्र दिसतात, आणि ज्या कमिटमधे एकच दिसते त्याच्या दोन दिवसांनी फिक्स नावाचं दुसरं कमिट असतं. ह्यावर मोठं डिझाइन करायची गरज नाही. इनममधल्या प्रत्येक स्टेटसवर लूप फिरवून रिपोर्ट आणि ईमेल दोन्हीकडे त्याची सोय आहे ना एवढं तपासणारी एक टेस्ट आधी लिहा, म्हणजे पुढचा माणूस विसरला तर बिल्डच अडेल. टाइपस्क्रिप्ट किंवा रस्टसारखी भाषा असेल तर एकही केस सुटली तर कंपायलरच ओरडेल असं लिहिता येतं. तिन्ही ठिकाणं एकत्र आणणं मग सावकाश करा.

दुरुस्ती करताना बहुतेकांची घाई होते ती टेस्टच्या आधी कोड हलवण्यात. समजा कॅल्क्युलेट टोटल असं फंक्शन आहे, त्याला ऑर्डर आणि पुढे ट्रू, फॉल्स, ट्रू असे तीन बुलियन जातात आणि कॉल करणाऱ्या ओळीकडे बघून कशाचं काय ते कुणालाच सांगता येत नाही. आधी खऱ्या डेटामधून वेगवेगळ्या ऑर्डर घ्या (नावं-पत्ते काढून), त्या फंक्शनमधून चालवा आणि जे उत्तर येईल ते टेस्टमधे जसंच्या तसं गोठवा. उत्तर बरोबर आहे का हे आत्ता ठरवायचं नाही, आज काय होतं ते पकडून ठेवायचं. तीन बुलियनचे आठ प्रकार होतात, पण ते कुठून कुठून कॉल होतं ते शोधलंत तर बहुतेक वेळा त्यातले दोन-तीनच खरे वापरात असतात, मग त्यांना नावं देऊन वेगळी फंक्शन्स करा आणि बाकीचे उडवा. हे करताना एखादा बग सापडणारच, म्हणजे समजा एका वाटेने प्रत्येक ओळीला राउंडिंग होतंय आणि दुसऱ्या वाटेने फक्त शेवटी, तर तो त्याच कमिटमधे दुरुस्त करू नका, कृपया. त्या चुकीच्या आकड्यावर कुणाचातरी एक्सपोर्ट अवलंबून असू शकतो. रचनेचा बदल एका कमिटमधे, वागणुकीचा दुसऱ्या, आणि वागणुकीचा असेल तर ज्यांचे आकडे आहेत त्यांना विचारून. सारखे दिसणारे दोन तुकडे लगेच एकत्र करण्याआधी पण हेच बघा, राउंडिंगवाले ते दोन तुकडे दिसायला जुळे असतात आणि नियम मात्र वेगळे.

मेलेला कोड मात्र काढाच, ह्याबाबत मी आग्रही आहे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल ह्या ट्रेडिंग कंपनीचं काय झालं ते माहीत असेल. २००३ पासून न वापरलेला कोड सर्व्हरवर तसाच होता, २००५ मधे ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचं हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला तेव्हा त्या जुन्या कोडची परत टेस्ट झाली नाही, आणि २०१२ मधे नव्या फीचरसाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) परत वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता, तिथे त्या फ्लॅगने जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. कोड गिटमधे राहतोच, हवा तर परत आणता येतो. फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका आणि फ्लॅग टाकतानाच तो काढायचं तिकीट करून ठेवा.

सगळं नव्याने लिहायला मी ह्या टप्प्यावर नाही म्हणेन, कारण ते विचित्र इफ जे आहेत त्यातले निम्मे कुणा ना कुणा ग्राहकाच्या तक्रारीतून आलेत आणि ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाहीत. एखाद्या विचित्र ओळीचा इतिहास गिट लॉगच्या कॅपिटल एस ऑप्शनने शोधा, ती पहिल्यांदा कुठल्या कमिटमधे आली ते कळतं आणि बऱ्याचदा तिकीट नंबरही मिळतो.

मॅनेजरकडे रिफॅक्टरिंगसाठी (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारण्यासाठी) वेगळा स्प्रिंट, म्हणजे कामाचे वेगळे आठवडे, मागू नका, मिळणार नाही आणि मिळाला तरी तो भलत्या ठिकाणी खर्च होतो. ज्या तिकिटासाठी हॉटस्पॉटमधल्या फाइलला हात लागणार आहे त्याच तिकिटाच्या अंदाजात आधीची टेस्ट आणि थोडी मांडणी धरा. सोनारचं क्वालिटी गेट (ठरवलेल्या अटी पाळल्या नाहीत तर कोड नापास करणारी तपासणी) फक्त नव्या कोडवर लावा, जुने हजारो इश्यू आहेत तिथे राहू देत. आणि मागच्या काही महिन्यांतले प्रॉडक्शन बग कुठल्या फाइल्समधे दुरुस्त झाले ते तुमच्या त्या पंधरा-वीस फाइल्सच्या यादीशेजारी ठेवून मॅनेजरला दाखवा. भाषा आणि फ्रेमवर्क कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीये, कमेंटमधे सांगितलंत तर टेस्ट गोठवायला काय वापरायचं ते नेमकं सांगतो.