रडू नेमकं कुठे आलं?

त्या गाण्यावर केलेल्या अक्षररचनेच्या तुझ्या तिन्ही फाइल बघितल्या. गाणं ऐकून रडू आलं म्हणतोस, आणि फाइलमध्ये अक्षरं वितळतायत, फाटतायत, धूसर होतायत, सहा फाँट, आणि वर प्रश्न काय तर "कुणाला वाचता येत नाहीये, मग भावना सोडू का वाचनीयता?" छे, हा प्रश्नच नाहीये. रडू नेमकं कुठे आलं ते सांग ना आधी.

गाणं ऐकताना आपण म्हणतो ना, काय जागा घेतली! ती जागा शोध. अख्खं गाणं नाही रडवत कुणाला, एखादा स्वर लागायच्या आधीचा थांबा रडवतो, नाहीतर उतरता उतरता मधेच सोडून दिलेली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं. मिनिट-सेकंद लिहून ठेव, २:१४ तर २:१४. तोवर सॉफ्टवेअर उघडू नकोस.

मी उघडलं होतं म्हणून सांगतोय. विरहाच्या बंदिशींचं एक पोस्टर केलं, 'विरह'च्या वेलांटीतून थेंब गाळले, 'र' फाडला, स्वतःवरच खूश. गाणाऱ्या बाईंनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "यात माझं गाणं कुठंय?" काय सांगणार, थेंब कुठल्याही दुःखाला चालतात. ते पोस्टर अजून कपाटात आहे, फेकवत नाही.

झुरिकच्या टोनहाले या संगीतसभागृहासाठी स्विस ग्राफिक डिझायनर योझेफ म्युलर-ब्रॉकमाननी १९५५ साली केलेलं बेथोव्हेनचं पोस्टर बघ. चेहरा नाही, वाद्य नाही, नुसते कमानीसारखे पट्टे, रुंदी दुप्पट दुप्पट होत जाणारे, आणि मजकूर बारीकसा. आवाज चढतो तो मापात चढतो, अक्षरांना कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

आणि आपल्याकडे तर शिरोरेषा आहे! लांबलेला स्वर तिच्यावर धरता येतो, श्वास तुटला तर तीच तुटते. पण तू सगळीकडे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलंयस, त्यामुळे ती प्रत्येक अक्षरापाशी तुटलीय, मग खरी तुटायची जागा कळणार कशी? संगीतशास्त्री भातखंड्यांच्या, गाणं कागदावर लिहायच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, एवढ्याशा खुणांत स्वर कुठला ते कळतं. तो ऐकून तुझं काय झालं ते तिथे लिहिलेलं नसतं, तेवढंच तुझं काम. एक जागा, बाकी साधं ठेव. परत सांगतो, एकच!

यावरून माझी भांडणं झालीयेत. एका पोस्टरचा पाऊण कागद मी कोरा ठेवला होता, आयोजकांनी न विचारता तिथे फोटो भरले, मी कार्यक्रमाला गेलो नाही आणि पुढे त्यांचं कामही घेतलं नाही. लोक म्हणाले हट्टी आहे. आहेच. तारीख जरा बारीक झाली होती हे मान्य, पण ती मोठी करता आली असती की, कोऱ्या जागेचा त्यात काय दोष? अजूनही मला तेच बरोबर वाटतं.

असो, माझं राहू दे. दुसऱ्या फाइलमध्ये खालच्या ओळीत एक 'आ' एकटाच पडलाय, चुकून झालं असेल, पण त्याच्यापाशी मी थांबलो. तो तसाच ठेव, बाकी सगळं पुस, फाँट एक कर आणि परत पाठव. सोबत ते मिनिट-सेकंद लिही, मी आधी तेवढंच ऐकेन.