मुद्दाम पडका बांधलेला बुरूज

प्रश्न : मुलाकडे केंब्रिजला होतो तेव्हा जवळची विंपोल ही जुनी जहागीर पाहून आलो. टेकडीवर पडका बुरूज आहे. मुलगा म्हणतो, तो मुळातच पडका बांधलाय! थट्टा करतोय का? शिवाय गुरं पार हवेलीजवळ चरतात आणि कुंपण दिसत नाही. बागेत शिरत कशी नाहीत?
— एक वाचक, कराड

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. बुरुजाचा आराखडा सँडरसन मिलर यांनी 1750च्या सुमारास केला. बांधकाम व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली. तोवर उद्यानरचनाकार 'केपेबिलिटी' ब्राउन तिथली जमीन नव्याने घडवू लागले होते. हवेलीतून उत्तरेकडे पाहिलं की नजर कुठेतरी टेकावी, एवढंच त्या बुरुजाचं काम. आपल्याकडे खऱ्या पडक्या गढ्यांची ददात नाही, म्हणून हा उद्योग वेडेपणाचा वाटतो.

गुरांचं उत्तर जमिनीत आहे. अशा बागांच्या कडेला खोल चर खणत. बागेकडची बाजू उभी, बांधीव, कुरणाकडची उतरती. जनावर चरात उतरेल, पण भिंत चढणार कसं? खिडकीतून मात्र गवत सलग दिसतं. या चराला इंग्रजीत चक्क 'हा-हा' म्हणतात.

तिथलं होम फार्म, म्हणजे जहागिरीची घरची शेतीवाडी, पाहिलंत ना? ते 1794मध्ये जॉन सोन यांनी आखलं, बँक ऑफ इंग्लंड बांधणारे तेच. गुरांसाठी एवढा मोठा वास्तुरचनाकार! शाकारलेलं मोठं कोठार मी तासभर न्याहाळत बसले होते. शेवटच्या मालकीणबाई एल्सी बॅम्ब्रिज, म्हणजे रडयार्ड किपलिंग यांची मुलगी. किपलिंग जन्मले 1865मध्ये, मुंबईत आमच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. 1976मध्ये बाई गेल्या आणि जहागीर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली.

पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. कुरणात लांबच लांब उंचवटे आहेत, आपल्या उसाच्या सरी-वरंब्यांसारखे, फक्त कितीतरी रुंद. मध्ययुगात बैलांनी वर्षानुवर्षं एकाच बाजूला माती पलटून ते झाले. ती शेतं कसणाऱ्यांची घरंही तिथेच होती. उद्यान वाढत गेलं तशी ती उठली. म्हणजे खरं गाव पुसलं आणि टेकडीवर खोटा अवशेष उभा केला.

पुढच्या खेपेला ऊन तिरपं झाल्यावर जा. दुपारी ते वरंबे दिसत नाहीत.