भांडणात एका फटक्यात माणूस गेला, नाशिक पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ (खून) लावलं. ते १०५ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) होऊ शकतं का?

होऊ शकतं. एफआयआरमधलं कलम अंतिम नसतं. सत्र न्यायालय पुरावा पाहून ठरवतं. फटका एकच होता, एवढ्यावर मात्र खून टळत नाही. नेमकी तीच जखम करायचा हेतू होता आणि ती सर्वसाधारणपणे मृत्यूला पुरेशी होती, तर तो खूनच (सर्वोच्च न्यायालयाचा विरसा सिंग निकाल, १९५८).

हत्यार घरून आणलं की हाताला लागलं ते उचललं, वार डोक्यावर की पायावर, हे बारकाईने तपासा. अचानक भांडण, पूर्वतयारी नाही, क्रूरपणा नाही, गैरफायदा नाही: चारही असतील तरच कलम १०१ चा (खुनाची व्याख्या) चौथा अपवाद मिळतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी इथे फार महत्त्वाची. ती ढिली झाली की बचाव कोसळतो. १०५ मध्ये मृत्यू किंवा तशी जखम करायचा हेतू असल्यास जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, मृत्यू होऊ शकतो याची फक्त जाणीव असल्यास कमाल १० वर्षं.