चावी असलेली फ्रीक

सीताबर्डी, नागपूर

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घड्याळावरच्या लेखाचा तुझा खर्डा आणि फोटो मिळाले. मे महिन्याच्या दुपारी बर्डीवर गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे सगळं सावकाश वाचता आलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरसाहेबांनी आपली युलिस नार्डिन या स्विस कंपनीची फ्रीक एक्स तुला हाताळायला दिली, हे त्यांचं मोठं मन. माझ्या टेबलावर असलं घड्याळ कधी आलेलं नाही. पण यंत्राची रचना मला कळते आणि तुझे फोटो चांगले आहेत, तेवढ्या जोरावर लिहितो.

तिसऱ्या परिच्छेदात चावीबद्दल, म्हणजे घड्याळाच्या कडेच्या फिरवायच्या बटणाबद्दल, तू म्हणतेस, ‘या घड्याळाला चावीच नाही. मागचं झाकण फिरवून चावी द्यायची आणि काचेभोवतीचं कडं फिरवून वेळ लावायची.’ तुझ्याच चौथ्या फोटोत तीनच्या जागी चावी स्वच्छ दिसते आहे! तू केलंस ते वर्णन २००१ च्या मूळ फ्रीकचं. फ्रीक एक्स २०१९ ची, आणि तिला चावी मुद्दाम दिलेली आहे, म्हणजे रोज वापरणाऱ्या माणसाला सोपं जावं. घड्याळ हातात होतं, पण लिहिताना तू आधी वाचलेलं उतरवलंस. पहिल्या भेटीवर लिहिणाऱ्यांचं इथेच घसरतं. घड्याळ येण्याआधी दहा व्हिडिओ बघून झालेले असतात, मग डोळ्यांना नवं काही दिसतच नाही. हा परिच्छेद पूर्ण काढ आणि चावी बोटांना कशी लागली ते लिही. ओढताना खट्‌कन बाहेर येते की सैल वाटते? वेळ पुढे नेताना मधला पूल, म्हणजे मिनिट दाखवणारी फिरती पट्टी, सरळ सरकतो की थोडा मागेपुढे होतो? घड्याळाला सेकंद काटा नाही, मग तू मिनिट नेमकं कसं जुळवलंस? हे लिहायला घड्याळ हातात असावं लागतं, आणि ते तुझ्या हातात होतं.

आता मुख्य गोष्ट. विचित्र घड्याळ समोर आलं की मी एकच बघतो : हा विचित्रपणा मशीनमधून वर आला आहे, की लग्नातल्या भाड्याच्या फेट्यासारखा नुसता वर चढवला आहे? तबकडीवर कवटी काढली, केसला, म्हणजे बाहेरच्या डबीला, सहा कोन दिले, आणि आत तेच नेहमीचं मशीन ठेवलं, तर ते दुसऱ्या जातीचं. फ्रीक पहिल्या जातीची आहे. तू तिला ‘वेडी’ म्हणून पुढे गेलीस, तिचं वेड कशात आहे ते सांगितलंच नाहीस.

एचएमटी जनता तू माझ्याकडे उघडून पाहिली आहेस. बॅलन्स म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, हेअरस्प्रिंग म्हणजे त्याची केसासारखी स्प्रिंग, चक्रं सगळं तबकडीच्या मागे, आणि वर काटे. फ्रीकमध्ये बॅलन्स आणि त्याच्या शेजारची चक्रं एका लांब पुलावर बसवून तो पूलच तासाला एक फेरा घेतो. त्याचं टोक मिनिट दाखवतं. खालची चकती हळू फिरते आणि तास दाखवते. म्हणजे काटा वेगळा नाहीच, मशीनचा एक भागच काटा झाला. ब्रेगे या घड्याळजीने १८०१ मध्ये टूर्बिलॉनचं, म्हणजे बॅलन्सलाच गोल फिरवणाऱ्या पिंजऱ्याचं, पेटंट घेतलं, ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळात गुरुत्वाकर्षणाने येणारी चूक सगळ्या बाजूंना वाटली जावी म्हणून. मनगटावर हात सारखा हलतो, तिथे त्या फिरण्याची फारशी गरज राहत नाही, आणि पुष्कळ महागड्या घड्याळांत ते आता शोभेपुरतं उरलं आहे. फ्रीकमध्ये ते फिरणंच वेळ सांगतं. माझ्या मते या घड्याळात कौतुक करण्यासारखं सगळ्यांत जास्त हेच आहे, आणि तुझ्या खर्ड्यात त्याला अर्धी ओळ मिळाली आहे.

श्रेय देताना दोन नावं घे. मूळ कल्पना कॅरोल फॉरेस्टिए या बाईंची. ती घेऊन, बदलून, चालणारं घड्याळ केलं लुडविग ओक्सलिन यांनी. एस्केपमेंटमध्ये, म्हणजे चक्रांना एकेक दात पुढे सोडणाऱ्या भागात, सिलिकॉन वापरलेलं पहिलं मनगटी घड्याळ ते हेच, २००१ चं. सिलिकॉन हलकं, चुंबकाला न जुमानणारं, आणि तेल न मागणारं. तेलाचं महत्त्व मला विचार. गिऱ्हाईक येतं, ‘काका, घडी मागे पडून राह्यली’ म्हणतं, आणि उघडून बघावं तर तेल वाळून चिकट झालेलं असतं. सिलिकॉनची दुसरी बाजूही लिही, ते ठिसूळ असतं. पितळी चक्राचा वाकलेला दात चिमट्याने हळूच सरळ करता येतो, सिलिकॉनचा तुटला की भागच बदलावा लागतो. त्यामुळे हे घड्याळ बर्डीवर दुरुस्त होणार नाही, ते कंपनीकडेच जाईल. हे वाचकाला सांगायला लाजू नकोस.

‘असं आधी कधीच झालं नाही’ हे वाक्य मात्र खोड. वेगळ्या तऱ्हेने वेळ दाखवायची हौस फार जुनी आहे. सतराव्या शतकात रोममधल्या कांपानी बंधूंनी पोप सातवे अलेक्झांडर यांच्यासाठी रात्रीचं घड्याळ केलं. पोपना टिकटिकीने झोप लागत नसे, म्हणून ते जवळजवळ निःशब्द, आणि आतल्या दिव्याच्या उजेडात तासाचा आकडा कमानीवरून सरकत जायचा. आज उरवेर्क ही कंपनी तीच सरकत्या तासांची चाल मनगटावर आणते आणि लोकांना ती अंतराळातून आलेली वाटते. तुलनेला अजून एक घड्याळ हवं असेल तर ए. लांगे उंड झोनेचं २००९ चं झाइटवर्क घे. त्यात काटे नाहीत, आकड्यांच्या चकत्या दर मिनिटाला उडी मारतात आणि तास भरला की तिन्ही एकदम. एवढ्या चकत्या ढकलायला शक्ती फार लागते, म्हणून पहिल्या झाइटवर्कला एकदा पूर्ण चावी दिली की जेमतेम ३६ तास चालायचं. वेगळेपणाची किंमत अशी मशीनलाच मोजावी लागते. फ्रीक एक्स ७२ तास चालते, तेव्हा तिथे तक्रारीला जागा नाही.

किमतीचं तू दुसऱ्याच ओळीत सांगितलंस, वर ‘एवढ्यात मनीषनगरात फ्लॅटचं डाउन पेमेंट होईल’ हा विनोद. हा विनोद प्रत्येक जण करतो. आकडा शेवटाकडे ने, विनोद काढून टाक.

एक गोष्ट तू छान केली आहेस, ती वाढव. व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबलेली असताना एका नजरेत वेळ कळेल का, हा प्रश्न तू विचारलास आणि उत्तर अर्धवट सोडलंस. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि मनगटावर एक पूल फिरतोय. किती वाजले ते लगेच कळेल, की आधी मिनिटांचं टोक कुठलं ते शोधावं लागेल? मला वाटतं, पहिल्या दिवशी शोधावं लागेल आणि मग सवय होईल. पण माझ्या वाटण्याला किंमत नाही, घड्याळ तू पाहिलंस. तसंच ४३ मिलिमीटरची केस तुझ्या बारीक मनगटावर पसरली का, तेही सांग. फोटोत तू ते हातात धरलं आहेस, बांधलेलं कुठेच दिसत नाही.

आणि ते कानाला लावलंस का? फ्रीक एक्स तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा. जनता पाच देते, आजची बहुतेक स्विस यांत्रिक घड्याळं आठ. हा फरक कानाला कळतो, सराव असला तर.

‘अचूकता उत्तम’ असं शेवटी लिहिलं आहेस. अर्धा तास हाताळून कुणालाही अचूकता कळत नाही. ते वाक्य काढ आणि त्याजागी काहीच लिहू नकोस.

डॉक्टरसाहेबांना फोन करून अजून एकदा बघायला मिळेल का विचार. त्यांचा दवाखाना संपल्यावर जा, त्यांच्या वेळेला. मऊ फडकं घेऊन जा, हातातली अंगठी काढून ठेव, आणि चावीला हात लावण्याआधी त्यांना विचार. नवा खर्डा व्हॉट्सॲपवर टाकलास तरी चालेल, पण अक्षर मोठं ठेव, चष्म्याचा नंबर वाढला आहे.

आईला नमस्कार सांग. तिचं घड्याळ तयार आहे, काच बदलली आहे.

तुझा,
काका