आज्जीचा खोका बंद करायचा का?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात नोकरीला लागून तुला दोन वर्षं झाली. तरी बेळगावजवळच्या खानापूरकडून आज्जीचा खाऊचा खोका येतोच, आणि दिवाळीला नि वाढदिवसाला आज्जा पाचशे-पाचशे धाडतातच. आता हे बंद करायला सांगू का, असं तू विचारलंस. सांगू नकोस. पण आहे तसंही चालू देऊ नकोस.

नातवंड लहान असतं तोवर काय द्यायचं ते देणारा ठरवतो. नातवंड कमावतं झालं की हे काम घेणाऱ्याकडे येतं. काय घ्यायचं, किती घ्यायचं, आणि ते पाठवताना म्हाताऱ्या माणसाच्या कमरेवर नि कनवटीवर किती भार पडतो, हे आता तू बघायचंस.

पैशाचं आधी बोलू, कारण तेच जड जातं. कागदावर हिशेब मांड. चुलत-आते मिळून तुम्ही सात नातवंडं. प्रत्येकाला वर्षातून दोनदा ५०० म्हणजे ७,००० रुपये. खोक्याचं भाडं, तेल, तूप, गूळ वेगळं. आज्जीला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० मिळतात, म्हणजे सगळे हप्ते आले तरी वर्षाचे २४,०००. त्यातच तिची गोळ्या-औषधं आणि लग्नाकार्यातले आहेर बसतात. सातांपैकी तुम्ही चौघं कमावता. चौघांनी आपसात ठरवा: नोकरी लागली की आकडा खाली आणायचा, रिवाज मोडायचा नाही. ५०० चे ५१ करा, फार तर १०१. पाया पडल्यावर हातावर ठेवलेली नोट आणि तिच्यावरचा एक रुपया राहू दे. शाळा-कॉलेजातल्या तिघांचं चालू दे.

हे एकटीनं जाऊन सांगू नकोस. एकीनं सांगितलं तर बाकीचे हावरे ठरतात, आणि आज्जी तेच पैसे गुपचूप तुझ्या आईच्या हातात देते. चौघांनी मिळून सांगितलं की तो घरचा निर्णय होतो. ऐन पाडव्याला ओवाळणीच्या ताटासमोर हा विषय काढायचा नाही, फोनवर तर मुळीच नाही. दिवाळीच्या महिनाभर आधी, भातकापणीची घाई सुरू व्हायच्या आत, सोप्यात बसून शांतपणे बोला.

आणि ‘नको’ हा शब्द वापरू नकोस. ‘आज्जी, कशाला पाठवतेस, इथं सगळं मिळतं’ हे तू तिच्या काळजीपोटी म्हणतेस. तिला मात्र ‘आता तुझी गरज नाही’ एवढंच ऐकू येतं. मग एक तर ती रुसते, नाहीतर पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पिशवी अडकवते. त्यापेक्षा मागून घे, नाव घेऊन आणि माप सांगून: ‘आज्जी, या खेपेला फक्त शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो आणि आपल्या शिवारातले तांदूळ दोन किलो. बाकीचं मी आल्यावर नेते.’ मागितलेली वस्तू करताना तिला उमेद वाटते आणि कामही निम्म्यावर येतं.

आता खोका. वर्षाला सहा खोक्यांऐवजी दोन पुरेत, एक दिवाळीचा आणि एक उन्हाळ्यातला. तू गावी गेलीस की स्वतः नेशील ते वेगळं. एका खोक्याचं वजन पाच किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. खानापूरहून बेळगावपर्यंत बसनं आणून, तिथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे तो आज्जाच पोचवतात. आज्जीला कर्नाटकात बायकांसाठीच्या शक्ती योजनेत बसचा प्रवास फुकट आहे, आज्जांना तिकीट पडतं, आणि खोका उचलायचा तो त्यांनीच. ट्रॅव्हल्सनं पाठवला तर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन तुझ्याकडे आलाच पाहिजे. गाडी पहाटे हायवेवर दोन मिनिटं थांबते. तू तिथं नसलीस तर खोका तसाच पुढं जातो आणि मग दोन दिवस फोनाफोनी. जमत असेल तर स्पीड पोस्ट बरं, घरपोच येतं आणि पावती हातात राहते.

भरताना काय चुकतं तेही आज्जीला नीट समजावून सांग. लाडू गरम असताना झाकण लावलं की डब्याला आतून घाम येतो आणि चौथ्या दिवशी बुरशी दिसते. परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरायचे. चकली फुटते ती डब्यात मोकळी जागा राहिल्यामुळे. फटींतून चिरमुरे भरले की ती हलत नाही, आणि चिरमुऱ्यांचा नंतर भडंग होतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करून बरणी जाड पिशवीत उभी बांधायची. आडवी ठेवली तर तेल झिरपून खालच्या तांदळाला वास लागतो. काकवी पाठवूच नये, उन्हाळ्यात आंबून झाकण उडवते. रताळी प्लास्टिकात कुजतात, कापडी पिशवीत टिकतात. कुंदा खव्याचा, त्यामुळं तो खोक्यात घालायचाच नाही. बेळगावहून निघताना ताजा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी खाऊन संपवावा. लांबच्या वाटेला त्यापेक्षा डिंक-सुक्या मेव्याचं करदंट बरं. तांदळात कडुनिंबाचा पाला टाकायचा असेल तर सावलीत वाळवूनच टाकावा, ओल्या पाल्यानं तांदूळ कुबट होतात.

खोका मिळाला की त्याच दिवशी फोन कर. ‘मिळालं’ एवढ्यावर भागवू नकोस. काय फुटलं, काय आधी संपलं, रूमवरच्या मैत्रिणीनं कशावर हात मारला, ते सांग. देणाऱ्याला एवढंच हवं असतं, आणि पुढच्या खेपेला काय कमी करायचं तेही तिला त्यातून कळतं.

तुझ्या नावावर लहानपणी आज्जांनी कुठं कुठं पैसे टाकले असतील ते आता शोधून काढ. ही भेट दिलेली असते आणि घ्यायची राहून जाते. पोस्टात किंवा बँकेत अज्ञान म्हणजे अठराच्या आतली म्हणून उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर तुझ्या सहीवर आणावं लागतं. नवा फॉर्म, आधार, पॅन, फोटो आणि सहीचा नमुना द्यायचा. तोवर पैसे काढता येत नाहीत. बँकेतलं खातं १० वर्षं हलवलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती मागून परत मिळते, पण हेलपाटे पडतात. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून बघ.

आपल्या भागात पिग्मी म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, पतसंस्था आणि सौहार्द नावाच्या सहकारी सोसायट्या यांत ठेवी ठेवायची फार सवय आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यालाही असतं. पतसंस्थेतल्या किंवा सौहार्दमधल्या ठेवीला ते नसतं. आज्जांनी नातवंडांच्या नावानं तिथं ठेव केली असेल तर मुदत संपेल तशी ती बँकेत किंवा पोस्टात हलवायला लाव. मुदतीच्या आधी मोडायला लावू नकोस, व्याज जातं आणि त्यांचं मन दुखावतं. तुझ्या दहावीतल्या भावासाठी आज्जांना दरमहा काही टाकायचंच असेल तर पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याची ठेव, चांगली. महिना १०० रुपयांपासून, ६० हप्ते. हप्ता चुकला तर शंभराला महिना एक रुपया दंड, आणि चार हप्ते चुकल्यावर खातं बंद पडायला लागतं. म्हणून रक्कम त्यांना आजारपणातही झेपेल एवढीच धरा.

आज्जा-आज्जींनी नातवंडाला दिलेल्या रकमेवर नातवंडाला आयकर नाही, कितीही असो. पुढं त्यावर मिळणारं व्याज मात्र उत्पन्नात धरतात, अज्ञान मुलाचं असेल तर आई-वडिलांच्या. मोठी रक्कम रोख घेऊ नकोस. एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसतच नाही.

आज्जा आता मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकलेत हे चांगलं. त्यांना दोन गोष्टी घोकून पक्क्या करून दे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणारच. आणि ‘तुमची नात पोलिसात अडकली, लगेच पैसे टाका’ असा फोन आला तर तुमच्या दोघांतला ठरलेला शब्द विचारायचा. शब्द असा निवड की तो कुठं लिहिलेला नसेल, म्हणजे गोठ्यातल्या जुन्या म्हशीचं नाव वगैरे. फसलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करायचा.

लग्नासाठी म्हणून आज्जी सोनं घेऊन ठेवायचं म्हणते, तेव्हा घाई करू देऊ नकोस. लहान वस्तूत घडणावळ फार जाते, आणि ती नि ३ टक्के जीएसटी विकताना परत येत नाही. २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळं तिथं पक्कं बिल हाच आधार. बाजारात ‘एक ग्रॅम सोनं’ म्हणून मिळतं ते नुसतं वरून सोन्याचं पाणी दिलेलं असतं, हे तिला आधीच सांगून ठेव. मोठ्या वस्तूवर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, बघून घ्यावा.

माझं मत विचारशील तर नवं सोनं नको म्हण आणि तिचं जुनं इरकल लुगडं माग. तिच्या पेटीतलं, सुती अंगाचं नि रेशमी पदराचं. पदर जिथं अंगाला जोडलाय ती जागा हातात धरून बघ. अंगाचे धागे आणि पदराचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. इरकल विरतं ते बहुधा घडीच्या जागी. म्हणून मलमलीत गुंडाळून ठेवायचं, प्लास्टिकात नाही, आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. हे घेताना कुणाचा एक रुपया खर्च होत नाही, आणि ते कुणी कधी नेसलं हे सगळं आज्जी स्वतःच्या तोंडून सांगेल. ते वहीत उतरवून घे.

जमिनीचा विषय निघाला तर मोबदल्याशिवाय दिली तरी बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं, दोन साक्षीदारांसह. वडिलोपार्जित जमीन आज्जा एकट्याच्या मर्जीनं देऊ शकत नाहीत. आणि त्यांच्या हयातीत त्यांच्या हातात काहीच उरत नसेल, तर तू स्वतः अडव.

आता उलट बाजू, जिच्याबद्दल तू विचारलंच नाहीस. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘मुलं’ या शब्दात सज्ञान नातवंडंही येतात. पण कायदा बाजूला ठेव. आज्जा मराठी शाळेत शिकले, आणि उतारा, नोटीस, रेशनचा कागद, सगळं कन्नडमध्ये येतं. प्रत्येक कागदासाठी ते कुणातरी पोरासमोर उभे राहतात. तू शाळेत कन्नड शिकलीस. महिन्यातून एक रविवार ठरव. त्यांनी आलेल्या कागदांचे फोटो पाठवायचे, तू वाचून फोनवर मराठीत सांगायचं, आणि कशाची शेवटची तारीख कधी ते त्यांच्या कॅलेंडरवर लिहून घ्यायला लावायचं. आज्जांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, ८० पूर्ण झाली असतील तर ऑक्टोबरापासून देता येतो. ‘जीवन प्रमाण’ आणि आधारचं फेस ॲप मोबाइलवर घालून ठेवलंस तर चेहरा दाखवून घरीच होतो. दिवसा उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसवावं. पाठीमागून उजेड आला की चेहरा घेत नाही.

वस्तू न्यायच्याच तर वापरातल्या ने. तुमच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीचे दोन बल्ब: एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीच्या वाटेवर. ब्लड प्रेशरचं यंत्र दंडावर बांधायचं घे, मनगटाचं नको. पट्टा आज्जींच्या दंडाला पुरतो का ते आधी मापून घे.

आणि तुझ्या रूमवर आज्जीचे स्टीलचे चार डबे पडून आहेत म्हणालीस. आतल्या झाकणावर नाव कोरलेले. या दिवाळीला चारही घेऊन जा. रिकामे नको. एकात साखर घाल, एकात चांगली चहापूड, आणि उरलेल्या दोनांत पुण्यात तू स्वतः केलेलं काहीही, बिघडलेलं का असेना.

तुझा,
शुभचिंतक