मीटर लावू की सरासरी भरत राहू?

प्रश्न : आम्ही सक्करदऱ्याला जुन्या घरात दोघंच राहतो, मी आणि हे. मुलगा पुण्याला असतो, मे महिन्यात पंधरा दिवस सून-नातवंडांना घेऊन येतो. आमचा नळाचा मीटर कितीतरी वर्षांपासून बंद आहे, काच पांढरी झालीय, बिल सरासरीनं येतं, महिन्याचे 25 युनिट धरून. आता नवीन मीटर लावून घ्या म्हणून सांगून गेलेत. शेजारच्या वहिनी म्हणतात लावू नका, नवीन मीटर जोरात पळतो, त्यांचं बिल डबल झालं. हे म्हणतात चाललंय ते चालू द्या. काय करावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, लावून घ्या. पण लावायच्या आधी एक काम करा, ते खाली सांगतो, आणि ते केल्याशिवाय लावू नका.

आधी हिशोब बघू. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. माणशी दिवसाला 135 लिटर हा आपल्याकडे घरगुती वापराचा नेहमी धरला जाणारा आकडा आहे, म्हणजे तुम्हा दोघांचे 270, महिन्याचे साधारण 8 युनिट. तुम्ही 25 चे पैसे भरताय! वापरलेलं नाही त्या पाण्याचे, वर्षानुवर्षं.

आता तुम्ही म्हणाल उन्हाळ्याचं काय, आणि बरोबर आहे, नागपुरात हा प्रश्न आधी यायलाच पाहिजे, कारण इथे एप्रिल लागला की कूलर माणसापेक्षा जास्त पाणी पितो. समजा घरात दोन कूलर आहेत, प्रत्येकाची टाकी 60 लिटरची आणि दिवसातून दोनदा भरावी लागते, तर दिवसाचे 240 लिटर झाले, महिन्याचे सात युनिटच्या वर. तुमचे 8 धरून पंधरा-साडेपंधरा. त्यात पाहुणे आले, चार माणसं पंधरा दिवस, तर अजून 8 युनिट. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात महागड्या महिन्यात पण तुम्ही 23-24 ला थांबता, उन्हाळा सोडला तर बाकी दिवस त्याच्या निम्म्याच्याही खाली. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्यानं चढतो, पहिल्या 20 युनिटला सगळ्यात कमी, त्याच्या वरच्या युनिटला जास्त, त्यामुळे दोघांच्या घराला मीटर फायद्याचाच. आणि दरवर्षी पाच टक्के वाढ असते ती लक्षात घ्या, सरासरीवर राहिलात तर न वापरलेल्या पाण्यावर पण ती वाढ भरत राहाल.

मग वहिनींचं बिल डबल कसं झालं? त्या खोटं बोलत नाहीयेत. माझ्या घरी पण हेच झालं होतं. नवीन मीटर लागला, पहिलंच बिल बघून मी डोक्याला हात लावला, मीटरच खराब आहे म्हणून भांडायला निघालो होतो. घरचे म्हणाले आधी बघा तरी. पहाटे नळ आले तेव्हा टाकीचा वॉल्व्ह, अंगणातला नळ, सगळं बंद केलं आणि टॉर्च घेऊन मीटरपाशी उकिडवा बसलो. आकड्यांच्या बाजूला चांदणीसारखं एक छोटं चाक असतं, ते फिरत होतं, अगदी सावकाश, पण थांबत नव्हतं. घरात कुणी एक थेंब घेत नव्हतं. जिन्याखालची फरशी उचलली तर जुना लोखंडी जीआय पाइप एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, सडलेला, पाणी तसंच मातीत मुरत होतं, वर ओलसुद्धा आली नाही कधी. बंद मीटर होता तोवर ते कुणाच्याच हिशोबात नव्हतं. मीटरच्या पुढचा सगळा पाइप आपला असतो, त्यातली गळती आपल्याच बिलात येते.

म्हणून तुमचं घर जुनं आहे हे वाचल्यावर मला माणसांपेक्षा पाइपची काळजी जास्त वाटते. आत्ता तुमच्याकडे चालू मीटर नाही, तर असं करा, नळ आलेले असताना सगळं बंद करून मीटरजवळच्या पाइपला कान लावा, सूं असा आवाज आला तर प्लंबरला बोलवा. रात्री झोपताना वरच्या टाकीत काठी बुडवून पाणी मोजा, सकाळी नळ यायच्या आधी, कुणी वापरायच्या आत परत मोजा, कमी झालं असेल तर कुठेतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलंय. गळणाऱ्या नळाखाली दहा मिनिटं पेला ठेवा, 200 मिलीचा पेला भरला तर महिन्याला साडेआठशे लिटरच्या वर चाललंय. आणि टाकीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळा, नक्की बघा, तो अडकला आणि मिनिटाला दहा लिटरच्या हिशोबानं रोज अर्धा तास ओव्हरफ्लो झाला तर महिन्याचे 9 युनिट नुसते गच्चीवरून वाहून गेले, म्हणजे तुमच्या दोघांच्या सगळ्या वापरापेक्षा जास्त.

मीटर जोरात पळतो यात थोडं खरं पण आहे. नळ यायच्या आधी पाइपमधली हवा बाहेर पडते, ती पण चाक फिरवते. यावर उपाय एवढाच की पहिल्या फुसफुशीला नळ उघडा टाकून ठेवायचा नाही. लाइनीला डायरेक्ट टिल्लू पंप असेल तर काढाच, तो हवा पण ओढतो, शेजाऱ्याचं पाणी पण ओढतो आणि नियमात बसत नाही.

लावायच्या दिवशी जुन्या आणि नव्या दोन्ही मीटरचे फोटो काढा, नंबर आणि रीडिंग दिसेल असे. काळे आकडे म्हणजे युनिट, लाल म्हणजे त्याच्या खालचे लिटर, लालकडे बघून घाबरू नका. दर एक तारखेला काळे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. बिलावरचं रीडिंग जुळलं नाही तर तो कागद घेऊनच जा आणि तक्रारीची पोच घ्या.

2019 च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं होतं तेव्हा आपल्याला दिवसाआड पाणी मिळालं, बादल्या भरून ठेवलेलं ते सगळं आठवत असेल. पेंचचं पाणी इतक्या लांबून येतं आणि आपल्याच जिन्याखाली मुरतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : फ्लॅट स्कीममध्ये आठ घरं, कनेक्शन एक. मी एकटा राहतो, बिल सारखं वाटतात. माझ्यापुरता मीटर लावता येईल का?

उत्तर : एका मीटरनं भागणार नाही भाऊ. गच्चीवरच्या टाकीतून बहुतेक स्कीममध्ये किचनचा पाइप वेगळा उतरतो, बाथरूमचा वेगळा, म्हणजे तुमच्या एका फ्लॅटला दोन-तीन छोटे मीटर लागतील आणि बाकी सात जण तयार नसतील तर त्या रीडिंगचा उपयोग नाही. आधी मीटिंगमध्ये बिल घरागणिक न वाटता माणसागणिक वाटायचा विषय काढा. त्याला पाइप तोडावा लागत नाही.